विश्लेषण : गावठी कोंबडीची काटकता रक्तात की पोटात?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत घर तिथे कोंबडी हे चित्र अजून मोडलेले नाही. पैशाची नड लागली की कोंबडा बाजारात जातो, पाहुणा आला की तोच शिजतो आणि देवाचा मानही त्याचाच असतो. बँकेत खाते असो वा नसो, आदिवासी बाईच्या हातातली खरी शिल्लक डालग्याखाली असते. ही शिल्लक वाढावी म्हणून शासनाच्या योजनांतून सुधारित जातींची पिल्ले वाटली जातात. ती दणादण मरतात आणि शेजारची गावठी कोंबडी मात्र उकिरड्यावर मजेत चरत असते, ही तक्रार परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांबाबत राज्यभर ऐकू येते. त्यावरचा निष्कर्षही ठरलेला असतो, ‘सरकारी कोंबडी नाजूक, आपली काटक.’ हा निष्कर्ष खोटा नाही, पण अर्धवट आहे. काटकता हा फक्त जातीचा गुण नसतो. गेल्या पन्नास वर्षांतील संशोधन सांगते, की कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू आणि तिच्या भोवतालची परिस्थिती यांचा त्यात मोठा वाटा असतो. हे नीट समजून घेतले तर योजनांची आखणीही बदलावी लागेल.

कोंबडी मरते म्हणजे नेमके काय होते?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. गावात आलेली प्रत्येक मर जिवाणूंमुळे नसते. परसातल्या कोंबड्यांचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. हा विषाणूजन्य रोग आहे. नैनीतालजवळच्या राणीखेत गावावरून त्याला आपल्याकडे हे नाव पडले. त्यावर औषध नाही, लस आहे. देवीचा रोग आणि बर्ड फ्लू हेही विषाणूजन्यच. पावसाळ्यात दिसणारी रक्ती हगवण परजीवींमुळे होते.

जिवाणूंमुळे होणारे आजार वेगळे. पिल्लांची पांढरी हगवण, मोठ्या पक्ष्यांचा टायफॉइड, कोंबड्यांचा कॉलरा आणि ई-कोलायचा संसर्ग हे त्यातले मुख्य. पांढरी हगवण आणि टायफॉइड साल्मोनेलाच्या प्रकारांमुळे होतात. कॉलऱ्याचा जिवाणू तर वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. लुई पाश्चर यांनी १८७९-८० मध्ये याच जिवाणूला प्रयोगशाळेत दुबळे करून कोंबड्यांना टोचले आणि आधुनिक लसीकरणाचा पाया घातला. ई-कोलाय मात्र कोंबडीच्या पोटात एरवीही असतोच. थंडी, गर्दी, कोंदट हवा, घाण पाणी किंवा दुसऱ्या एखाद्या रोगाने पक्षी खचला, की तो डोके वर काढतो.

जिवाणूंच्या आजारांतली मुख्य गोष्ट अशी, की जिवाणू शरीरात शिरणे आणि कोंबडी आजारी पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. एकाच अंगणात, एकाच पाण्यावर वाढलेल्या दहा पिल्लांतली चार मरतात आणि सहा वाचतात. या सहा जणांमध्ये काय होते, हा खरा प्रश्न आहे.

जनुकांचा वाटा किती?

काही प्रमाणात उत्तर जनुकांत आहे. कोंबडीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. असा आराखडा तयार झालेला तो पहिला पक्षी होता आणि त्यासाठी निवडली होती पाळीव कोंबडीची पूर्वज असलेली लाल रानकोंबडी. आपल्या सह्याद्रीशीही या वंशावळीचे नाते आहे. अनेक पाळीव जातींच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते लाल नव्हे तर राखी रानकोंबडीकडून आलेले आहे, असे २००८ मध्ये दिसून आले. राखी रानकोंबडा म्हणजे पश्चिम घाटाच्या जंगलात पहाटे आरवणारा आपला रानकोंबडाच.

रोगप्रतिकाराशी संबंधित काही जनुकेही सापडली आहेत. कोंबडीच्या पाचव्या गुणसूत्रावर ‘सॅल-१’ नावाचा भाग आहे. त्याच्या एका प्रकारामुळे शरीरातील भक्षक पेशी गिळलेला साल्मोनेला लवकर संपवतात. जिवाणूंच्या कवचाची ओळख पटवणारी, गिळलेल्या जिवाणूची खनिजांची रसद तोडणारी अशी आणखीही जनुके माहीत आहेत. म्हणजे काही वाणांना साल्मोनेला कमी बाधतो हे खरेच आहे.

मात्र सगळ्याच जिवाणूंबाबत हे गणित सारखे नाही. डॉली मेंढीमुळे जगाला ठाऊक झालेल्या एडिंबरा येथील रोझलिन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचा असाच शोध घेतला. हा जिवाणू कोंबडीला सहसा त्रास देत नाही, पण माणसाला जुलाब लावतो. मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या आतड्यात तो कमी-जास्त असण्यामागे जनुके किती कारणीभूत आहेत, हे त्यांनी तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की जनुकांचा प्रभाव आहे, पण तो लहान आहे. बहुतांश फरक इतर कारणांनी पडतो. ‘चांगली जात आणा, रोग जाईल’ या समजुतीला ही मोठी चपराक आहे.

पोटातले जिवाणू काय करतात?

कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्यांना अंधांत्र म्हणतात. न पचलेला चारा तिथे आंबतो आणि अब्जावधी जिवाणू त्यावर जगतात. हे जिवाणू नुसते भाडेकरू नसतात. ते आम्ले तयार करतात, त्यामुळे साल्मोनेलासारख्यांना तिथे राहणे अवघड होते. ते अन्न संपवतात आणि आतड्याच्या भिंतीवरच्या जागा अडवतात. पिल्लाच्या प्रतिकारशक्तीला आपला कोण आणि परका कोण, याचे पहिले धडेही त्यांच्याकडूनच मिळतात.

पालघरकरांना हे समजावून सांगायला विरार लोकल पुरेशी आहे. गाडी नालासोपाऱ्यापर्यंत भरलेली असली की वसईला उभ्या असलेल्या प्रवाशाला आत पाय टाकता येत नाही. डबा रिकामा असेल तर मात्र जो पहिला चढेल तो खिडकी पकडणार. नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू म्हणजे असा रिकामा डबा. त्यात आधी कोण चढते, यावर पुढचा प्रवास ठरतो. म्हणूनच पहिल्या दिवशी साल्मोनेलाचे मोजके जिवाणूही पिल्लाला बाधतात, तर दोन आठवड्यांच्या पिल्लाला बाधायला त्यांची संख्या कितीतरी अधिक लागते.

ही गोष्ट प्रथम सिद्ध केली फिनलंडच्या एस्को नुर्मी यांनी. १९७१ मध्ये त्या देशात मांसल कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली. पिल्ले इतकी सहज का बळी पडतात, याचा विचार करताना नुर्मी यांच्या लक्षात आले की या पिल्लांना आईच भेटलेली नाही. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रांताला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील द्रव्य एक दिवसाच्या पिल्लांना पाजले. ही पिल्ले साल्मोनेलाला मोठ्या प्रमाणात दाद देईनाशी झाली. १९७३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. जात तीच होती, बदलले होते ते फक्त पोटातले बिऱ्हाड.

आई नसलेल्या पिल्लांचे काय होते?

गावठी कोंबडी खुडूक होते, अंड्यांवर एकवीस दिवस बसते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना पंखाखाली घेते. त्या ऊबेत पिल्लांना नुसती उष्णता मिळत नाही. आईची पिसे, तिची विष्ठा, तिने उकरून दाखवलेली माती यांतून तिच्या आतड्यातले जिवाणूही मिळतात. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की मोठ्या कोंबडीचा एका दिवसाचा सहवासही पिल्लांच्या आतड्यात तिचे जिवाणू रुजवायला पुरेसा असतो.

हॅचरीतल्या पिल्लाच्या वाट्याला हे येत नाही. ते यंत्रात जन्मते, स्वच्छ खोक्यात बसते आणि घाट चढून पाड्यावर पोहोचते. वाटेत भूक, तहान आणि गारठा असतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश उष्णता लागते. मोठ्या फार्मवर ती बल्ब किंवा गॅसच्या ब्रूडरखाली मिळते. ज्या पाड्यावर ऐन पावसात तासन् तास वीज नसते, तिथे पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात आणि उरलेली गारठून खचतात. अशा रिकाम्या पोटाच्या, थकलेल्या पिल्लासमोर पाड्यावरची माती, डबकी आणि इतर कोंबड्यांचे जिवाणू एकदमच येऊन उभे राहतात. ते मेले की आपण म्हणतो, जातच नाजूक होती.

अर्थात जातीचाही दोष शून्य नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने जुने आणि नवे वाण एकत्र वाढवून पाहिले. १९५७ चा वाण ५६ दिवसांत जेमतेम ०.९ किलोचा झाला, तर २००५ चा वाण तेवढ्याच दिवसांत ४.२ किलोचा. इतक्या वेगाने मांस धरणारा पक्षी बंदिस्त शेड, तयार खाद्य आणि पशुवैद्यकाची देखरेख गृहीत धरूनच घडवलेला असतो. परसासाठी तयार केलेल्या वनराजा, गिरिराज यांसारख्या जाती त्यापेक्षा पुष्कळ काटक आहेत. पण त्यांच्यात एक उणीव राहते. त्या क्वचितच खुडूक होतात. खुडूक न होणारी कोंबडी जास्त अंडी देते म्हणून हा गुण मानला जातो. मात्र त्याचा अर्थ असा, की पुढची पिढी पुन्हा यंत्रातून आणावी लागते आणि आईकडून पिल्लाकडे जाणारी जिवाणूंची साखळी दर पिढीला तुटते.

भारतीय कोंबड्यांबाबत काय दिसले?

२०१८ मध्ये ‘मायक्रोबायोम’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुजरातमधील आणंद, तमिळनाडूतील चेन्नई आणि ब्रिटनमधील संशोधक सहभागी होते. असील आणि कडकनाथ या देशी जाती व कॉब-४०० आणि रॉस-३०८ हे व्यावसायिक वाण यांच्या अंधांत्रातील जिवाणूंची त्यांनी जनुकीय पद्धतीने मोजदाद केली. जातीनुसार जिवाणूंचा मेळा बदलतो, हे त्यात दिसले. त्याचबरोबर पक्षी कुठे वाढला, यानेही तो बदलतो, हे तितक्याच स्पष्टपणे दिसले. ‘कुठे’ या शब्दात हवामान, खाद्य, पाणी आणि सांभाळण्याची रीत हे सगळेच येते.

या अभ्यासाचा जव्हार-मोखाड्यासाठीचा धडा सोपा आहे. जनुके आणि जिवाणू हे दोन वेगळे खटले नाहीत. कोंबडीची जात काही प्रमाणात तिच्या पोटात कोण राहील हे ठरवते आणि उरलेले तिचे अंगण ठरवते. त्यामुळे कडकनाथ झाबुआत काटक आहे म्हणून तो मोखाड्यातही तितकाच काटक ठरेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. उलट इथल्या नागलीच्या कोंड्यावर, वाळवीवर आणि इथल्याच पाण्यावर कित्येक पिढ्या टिकलेल्या कोंबडीकडे जात आणि जागा या दोन्हींचे जमलेले गणित आहे. सरकारी कागदावर मात्र ती नुसती ‘गावठी’ असते.

कोंबडीचे पोट आणि मुलाचे पोट यांचा संबंध काय?

इथे प्रश्न कोंबडीपुरता उरत नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. त्यानंतर तीन दशके या पट्ट्यात पोषणाच्या योजना येत आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंडी देण्याची तरतूद आहे. अंड्याइतके स्वस्त, सोपे आणि संपूर्ण प्रथिन दुसरे नाही. त्यामुळे परसात कोंबडी जगणे हा इथे थेट पोषणाचा प्रश्न आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला कोंबडीच्या पोटात तिला काहीही न करता राहू शकतात. रात्री कोल्ह्या-रानमांजराच्या भीतीने कोंबड्या घरात घेतल्या जातात. त्याच जमिनीवर रांगणारे मूल हात तोंडात घालते. भारतातील वेल्लोरसह आठ देशांतील गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या ‘माल-एड’ या मोठ्या अभ्यासात, लहान वयात कॅम्पिलोबॅक्टरचा वारंवार संसर्ग झालेल्या मुलांची उंची दोन वर्षांच्या वयात कमी भरत असल्याचे दिसले. संसर्ग दर वेळी जुलाबाच्या रूपात दिसतोच असे नाही. आतडे सुजत राहते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणजे कोंबडीच्या अंड्याने दिलेले तिच्या विष्ठेने काढून घ्यावे, असा हा प्रकार होऊ शकतो. याचा उपाय कोंबड्या बंद करणे हा नाही. रात्रीचे खुराडे घराबाहेर आणि जमिनीपासून उंच बांधणे, हा आहे.

मग औषध देऊन प्रश्न का सुटत नाही?

पिल्ले सुस्तावली की दुकानातून पावडर आणायची किंवा घरात उरलेल्या माणसांच्या कॅप्सूल पाण्यात विरघळवायच्या, ही सवय शहरालगतच्या फार्मपासून पाड्यापर्यंत दिसते. मर राणीखेतची असेल तर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नसतो. मर जिवाणूंची असली तरी अंदाजाने दिलेले औषध पोटातल्या राखणदारांनाही मारते. डबा पुन्हा रिकामा होतो आणि औषधाला दाद न देणारा जिवाणू आधी जागा पकडतो.

हाच जिवाणू पुढे माणसाच्या पोटात येऊ शकतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले होते. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा पशुपालनातील वापर बंद केला, कारण माणसांच्या गंभीर संसर्गात ते शेवटच्या हत्यारांपैकी एक आहे. ज्या तालुक्यांत गंभीर रुग्णाला नाशिक किंवा ठाणे गाठावे लागते, तिथे साधी औषधे निकामी होणे परवडणारे नाही.

‘प्रोबायोटिक’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांकडूनही चमत्काराची अपेक्षा नको. निरोगी कोंबडीच्या पोटात शेकडो प्रकारचे जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. एक-दोन प्रकार बाहेरून दिल्याने तो मेळा उभा राहत नाही.

योजनेचे नेमके काय चुकते?

योजना पिल्ले मोजते, जगलेल्या कोंबड्या मोजत नाही. राज्याच्या योजनेत एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट किंवा तलंगा आणि नर यांचा गट अनुदानावर देण्याची तरतूद आहे. वाटप झाले, सही झाली, छायाचित्र निघाले की उद्दिष्ट पूर्ण होते. सहा महिन्यांनी किती तलंगा अंड्यावर आल्या, हा रकाना महत्त्वाचा मानला जात नाही.

याचे उत्तर म्हणून सुधारित जातींची अंडी दाखवली जातात. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते आणि सुधारित कोंबडी शंभराच्या पुढे जाते, हे खरे आहे. गरीब कुटुंबाला जास्त अंडी नकोत का, हा प्रश्नही रास्त आहे. पण हिशेब पुरा मांडायला हवा. समजा, दहा गावठी तलंगांपैकी आठ टिकल्या, तर वर्षाला चारशेहून अधिक अंडी मिळतात. दहा सुधारित तलंगांपैकी तीनच टिकल्या, तर मिळतात तीनशे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यायची वेळ येते. आठ सुधारित तलंगा टिकवता आल्या, तर मात्र आठशे. म्हणजे वाद गावठी विरुद्ध सुधारित असा नाहीच. किती टिकतात, हा आहे. आणि टिकणे हे पहिल्या सहा आठवड्यांत ठरते.

काय करता येईल?

पहिले, एक दिवसाचे पिल्लू थेट पाड्यावर देणे थांबवावे. राष्ट्रीय पशुधन अभियानात पिल्ले आधी ‘मदर युनिट’मध्ये चार आठवडे वाढवून मग देण्याची कल्पना आहे. अशी युनिट जव्हार आणि मोखाड्यातच, बचत गटांच्या हातात असावीत. पिल्लांना ऊब, लस आणि खाद्य तर मिळेलच, शिवाय इथल्याच माती-पाण्याची ओळख देखरेखीखाली होईल. ऐन पावसात वाटप टाळावे.

दुसरे, खुडूक कोंबडीला योजनेत स्थान द्यावे. विकत आणलेली पिल्ले रात्रीच्या अंधारात खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवली, की ती सहसा आपलीच मानते, हे गावातल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. विज्ञान आता तिच्या बाजूने उभे आहे. मात्र एक काळजी घ्यायलाच हवी. आई चांगले जिवाणू देते तशी रोगही देऊ शकते. पांढऱ्या हगवणीचा साल्मोनेला तर थेट अंड्यातून उतरतो. बाधित कोंबडी वरून धडधाकट दिसते. रक्ताच्या एका थेंबावर, रंगीत प्रतिजन वापरून तिची चाचणी काही मिनिटांत जागेवरच होते. पिल्ले सांभाळणाऱ्या कोंबड्यांची ही चाचणी पशुवैद्यकीय दवाखान्यांनी करून द्यावी.

तिसरे, राणीखेतच्या लशीचा पाडावार दिवस ठरवावा. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लशीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी लस, एवढ्याने सर्वात मोठी मर टळते. अडचण अशी, की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, घरात कोंबड्या दहा असतात आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. एकट्या घराला ते जमत नाही. अख्खा पाडा एकत्र आला तर जमते. उमेदच्या पशुसखी हे काम करू शकतात. त्यांना थंड पेटी आणि ठरलेले मानधन हवे.

चौथे, गावठी कोंबडीची नोंद ठेवावी. मर येऊन गेल्यावर कोणाच्या घरची कोणती कोंबडी वाचली, तिची आई कोणती, ती किती पिल्ले मोठी करते, एवढे पशुसखीच्या वहीत लिहिले गेले तरी काही वर्षांत इथल्या काटक वाणाची निवड करता येईल. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून हे तालुके दूर नाहीत. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र तर याच जिल्ह्यात आहे. बाहेरची जात आणून इथे रुजवण्यापेक्षा इथलीच जात अभ्यासून सुधारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

पाचवे, पाणी आणि खुराडे. उन्हाळ्यात मोखाड्यात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोंबड्यांसाठी वेगळे पाणी मागणे चैनीचे वाटेल. पण दहा कोंबड्यांना दिवसाला दोन-तीन लिटर पाणी लागते. ते झाकलेल्या भांड्यातून दिले, तर डबक्यातले जिवाणू पोटात जाणे बरेच कमी होते. अनुदानात पिल्लांबरोबर उंच खुराडे आणि पाण्याचे भांडे यांचाही खर्च धरावा. अंगणवाडी ताईंनी अंडे देताना खुराड्याबद्दल आणि हात धुण्याबद्दलही दोन शब्द बोलावेत.

यातील एकाही उपायाला नवी प्रयोगशाळा किंवा परदेशी जात लागत नाही. लागते ती योजनेचे यश मोजण्याची पट्टी बदलण्याची तयारी. किती पिल्ले वाटली याऐवजी वर्षाअखेर किती कोंबड्या अंड्यावर आहेत आणि त्यातली किती अंडी घरातल्या मुलाने खाल्ली, असे विचारायला हवे. हा प्रश्न कार्यालयात विचारला जाऊ लागला, तर काटक कोंबडी कुठून आणायची हे शोधावे लागणार नाही. ती त्याच पाड्यावर, डालग्याखाली अंड्यांवर बसलेली आहे.